हात लावायचा नाही

गाडीबाईंनी गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवली होती, आणि त्यातल्या एकालाही ती धड चालवता येत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्या शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायच्या. त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा, आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात विचार यायच्या आत तो दाबलेला असायचा. "तुमचा विचार चालू द्या, गाडी मी थांबवते," असं त्या म्हणायच्या. डॉक्टर असो की वकील, स्टिअरिंगमागे बसला की गाडीबाईंच्या लेखी तो दगडच.

अशी ही बाई गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघायला शिडीवर चढली आणि पडली. उभ्या आयुष्यात गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, आणि मोडला तो स्वतःचा मणका. कमरेखालचं सगळं गेलं. हे सांगताना त्यांना दुःखापेक्षा लाज जास्त वाटायची. शिडी काय वाहन आहे?

मग चाकाची खुर्ची आली, आणि खुर्चीमागोमाग माणसं आली. इजा पाठीला झाली होती, पण लोक बोलायचे ते कानाशी येऊन, मोठ्याने आणि सावकाश. नणंद यायची ती भावाला विचारायची, "जेवली का रे ही? झोप लागते का हिला?" आणि गाडीबाई समोरच बसलेल्या. एकदा त्या म्हणाल्या, "वन्सं, मी खुर्चीत बसलेय, फोटोत नाही." नणंदेने रुमाल डोळ्याला लावला आणि भावाला म्हणाली, "फार चिडचिडी झालीय रे बिचारी."

तरी नणंद परवडली. खरा संताप ढकलणाऱ्यांचा. बँकेत, फुटपाथवर, औषधांच्या दुकानात, कुणीही उपटसुंभ मागून यायचा, न विचारता खुर्चीच्या मुठी धरायचा आणि ढकलू लागायचा. तोंडावर असा भाव की आजचं पुण्य पदरात पडलं. एका सद्गृहस्थांनी तर त्यांना रस्ता ओलांडून पलीकडे नेऊन ठेवलं आणि हात झटकत निघून गेले. गाडीबाईंना अलीकडच्याच दुकानात जायचं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, या मुठी कापून आणा." नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, स्वभावाने गरीब माणूस. त्याने एकदाच विचारलं, "अगं, कधी लागल्या तर?" आणि मग मुकाट्याने वेल्डरकडे जाऊन मुठी कापून आणल्या.

दवाखान्यातल्या फिजिओने त्यांना मैदानावर नेलं. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली आणि त्यांना उलटी झाली. तोंड पुसून त्यांनी उरलेली अर्धी पूर्ण केली. मग रोज सकाळी, नवऱ्याचं दुकान उघडायच्या आधी, त्या मैदानावर असायच्या. तळहातांची सालटं निघाली, नवी कातडी आली, तीही घट्ट झाली. आणि एका सकाळी वळणावर खुर्चीने असा वेग घेतला की कानाशी वारा वाजू लागला. गाडीबाईंना आनंद झाला. इतका, की त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. सांगितला असता तर कुणीतरी रुमाल काढला असता.

वर्षातून एकदा तिथे चाकाच्या खुर्च्यांची शर्यत व्हायची. शर्यत कसली, वरात ती. पिवळे टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक एकेक खुर्ची ढकलत न्यायचे आणि शेवटी सगळ्यांना सारखाच कप मिळायचा. पहिल्या वर्षी गाडीबाईंनी पाहुण्यांच्या हातातला कप घेतलाच नाही. "हा त्या पिवळ्या मुलाला द्या. धावला तो," असं म्हणून त्या निघून आल्या.

यंदा गोष्ट वेगळी होती. शर्यत भरवणाऱ्या क्लबकडे शर्यतीची खरी खुर्ची आली होती. तीन चाकांची, जमिनीलगत, पुढे लांब दांड्यावर एक लहान चाक. खुर्ची एकच. बायकांत जी पहिली येईल तिला ती वर्षभर सरावाला मिळणार आणि मोठ्या स्पर्धेला क्लब तिलाच पाठवणार. गाडीबाईंनी ती एकदाच पाहिली आणि त्यांचं दुसऱ्या कशात लक्ष लागेना. त्या क्लबच्या बैठकीत गेल्या आणि टेबल ठोकून नियम करून घेतला: खुर्चीला दुसऱ्याचा हात लागला की खुर्चीत बसलेली बाद. मग ढकलणारा नवरा असो, भाऊ असो की प्रमुख पाहुणे.

शर्यतीत सहा बायका होत्या. चौघींना गाडीबाईंनी एका नजरेत निकालात काढलं. पाचवी पार्लरवाली. वयाने तिशीची, गुलाबी हातमोजे, खुर्चीच्या मुठींनासुद्धा गुलाबी कापड. मोटारसायकलवरून पडून तिचा मणका गेला होता, पण ती बसूनच लोकांचे केस कापायची आणि दिवसभर हसायची. "ही इथे स्पर्धेला आलीय की साखरपुड्याला?" गाडीबाई नवऱ्याला म्हणाल्या. नवरा म्हणाला, "पण हात बघ तिचे." गाडीबाईंनी बघितले नाहीत.

शिट्टी वाजली आणि पार्लरवाली सुटली ती सुटलीच. मैदानाची फेरी, मग शाळेच्या दोन इमारतींमधली अरुंद वाट, मग पुन्हा मैदान, असा रस्ता होता. गाडीबाई जिवाच्या कराराने हात मारत होत्या, पण त्या गुलाबी मुठी काही जवळ येईनात. या पावडरवालीला आपण गाठू शकत नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

अरुंद वाटेत शिरल्या तर पार्लरवाली मधोमध थांबलेली. खाली वाकून एक हात गुडघ्यावर दाबलेला. वाट एका खुर्चीपुरती.

"पुढे घे," गाडीबाई म्हणाल्या.

"एक मिनिट," ती वर न बघता म्हणाली.

"अगं, घे ना पुढे. अशी अडून काय राहिलीस?" आणि ती काही बोलायच्या आत गाडीबाईंनी डाव्या हाताने आपलं चाक धरलं, उजव्या हाताने गुलाबी मूठ धरली आणि जोरात ढकललं. शेजारच्या सीटवरून आयुष्यभर केलं, तेच.

"थांबा, पाय," ती ओरडली. पण खुर्ची वाटेबाहेर गेली होती. तिचा एक पाय खाली लोंबत होता, बूट मागे राहिला होता आणि सिमेंटवर घासून बोटांतून रक्त येत होतं. तिला ते दुखत नव्हतं. दुखणं तिथवर पोचतच नव्हतं. वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पंचाने झेंडा वर केला. गाडीबाई शेजारून पुढे निघून गेल्या.

त्या पहिल्या आल्या. टाळ्या थांबल्यावर पंचांकडे गेल्या.

"तिला मी ढकललं. तिने मागितलं नव्हतं. बाद मला करा."

पंच शाळेतले खेळाचे शिक्षक होते. त्यांनी नियमाचा कागद पुढे धरला. "हात लागला की बसलेली बाद. तुम्हीच करून घेतलाय. ढकलणारी स्पर्धकच असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?"

"म्हणजे मी जिंकले?"

"कागदावर तरी तसंच दिसतंय."

पार्लरवाली झाडाखाली होती. फिजिओने तिच्या पायाला पट्टी बांधली होती. हसणं गेलं होतं, आणि तो चेहरा गाडीबाईंनी पहिल्यांदाच नीट पाहिला.

"मला वाटलं, तू अडकलीस," त्या म्हणाल्या.

"अडकले नव्हते. पाय आपोआप झटके देत उडायला लागला होता. गुडघा दाबून धरला की थांबतो. थांबलाच होता." "बाकीच्यांना नाही कळत. तुमचेही उडत असतील ना?"

उडायचे. रोज उडायचे, आणि गाडीबाईही अशाच गुडघा दाबून बसायच्या. तेव्हा कुणी हात लावला असता तर त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले असते. आयुष्यात प्रथमच त्यांना एखाद्या माणसाची किळस आली आणि ते माणूस समोरचं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "ती खुर्ची खरं तर तुझीच."

"मग द्या," पार्लरवाली म्हणाली.

मैदानाच्या कडेला ती तीन चाकांची खुर्ची उन्हात उभी होती आणि नवरा तिच्याभोवती फिरून कौतुकाने बघत होता. गाडीबाई त्या खुर्चीकडेच बघत राहिल्या. त्या माफी मागायला आल्या होत्या, खुर्ची द्यायला नाही, आणि हे त्यांच्याआधी पार्लरवालीला कळलं.

"असू दे," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत, समजूत घातल्यासारखं म्हणाली. "होतं असं. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."