सांध्यांचा व्हिडिओ

तीन विमा कंपन्यांनी दत्तारामला उभ्या उभ्याच वाटेला लावलं. गाडी कुठल्या कंपनीची, हा पहिलाच प्रश्न. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आमच्या जुन्या निस्सान सनीची, खालचा सांगाडा आणि वरची फायबरची बॉडी मी बनवलेली, असं तो सांगायचा. मग सनी लिहू? सनी नाही. मग कोणती? जुन्या काळच्या दोन सीटच्या उघड्या इंग्रजी गाडीसारखी दिसते, पण तीही नाही. क्लार्क कॉम्प्युटरमध्ये शोधायचा आणि मान हलवायचा. यादीत नाही त्या गाडीचा विमा नाही. खलास.

दत्ताराम बहारीनमध्ये बावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं काम करत होता. सनी त्याने आणि त्याच्या बायकोने, मंगलाने, अकरा वर्षं वापरली. ती गंजायला लागली तेव्हा भंगारात घालायच्या ऐवजी त्याने ती खोलली. बुदैया गावात उबेद नावाच्या म्हाताऱ्या अरबाच्या शेतात एक रिकामी शेड होती. दर शुक्रवारी दोघं डबा घेऊन गुदैबियातल्या घरून तिकडे जायची. तीन वर्षं त्यांचा शुक्रवार असाच गेला. मंगलाचं एकच मागणं होतं. गाडी झाली की डोक्यावर छप्पर नसताना समुद्राच्या कडेने एक चक्कर मारायची.

गाडी झाली. मंगला आठ महिन्यांपूर्वी गेली.

आता उबेदने शेत विकलं होतं. "दत्ता, महिना खलास, शेड खलास. गाडी निकालो," तो म्हणाला. म्हातारा वाईट नव्हता, पण जमीन त्याची राहिली नव्हती. विमा नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर रस्ता नाही. मग गाडी शेडबाहेर पडणार ती क्रेनवरून, थेट भंगारात. महिना संपायला नऊ दिवस होते.

चौथं ऑफिस नईम भागात होतं. तिथे तूबा नावाची मुलगी बसायची. बाप श्रीवर्धनचा, पण ती इथेच जन्मलेली. तिने यादी बघितली नाही, तयार गाडीचे फोटो बघितले.

"अंकल, हे तुम्ही बनवलंत? सीरियसली?"

"मग काय, दुकानातून आणलं?"

ती हसली. "अशा गाड्यांचा आम्ही करतो. पण इंजिनियरला प्रूफ लागतं. सांगाड्याचे वेल्ड, म्हणजे सांधे, आता फायबरच्या आत गेले ना? ते कसे केलेत ते दिसलं पाहिजे. नाहीतर बॉडी कापून दाखवा."

"कापू?"

"काम चालू असताना कोणी फोटो काढले असतील ना?"

काढले होते. सगळे मंगलानेच काढले होते, तिच्या फोनमध्ये. तो फोन कपाटात तिच्या साड्यांखाली होता. आठ महिन्यांत दत्तारामने त्याला हात लावला नव्हता. त्याने तो चार्जिंगला लावला, आणि दुसऱ्या दिवशी काही न उघडता तसाच तूबाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"तूच बघ. मला नाही जमणार."

तूबा फोटो सरकवत गेली. प्रत्येक फोटोत दत्ताराम होता. वाकलेला, घासताना, फवारा मारताना, आणि प्रत्येक वेळी तोंडावर धूळ गाळणाऱ्या दोन डब्यांचा काळा मास्क. तसला मास्क एकच होता. दुसरा पुढच्या शुक्रवारी आणू, असं तो म्हणायचा. मंगला ओढणी नाकाला बांधायची. चार हातांवर उभी राहायची, कारण त्याहून लांबून फोटो चांगला येत नसे.

"हा व्हिडिओ आहे," तूबा म्हणाली आणि तिने तो लावला.

सांगाड्याचे वेल्ड एक एक करून समोर आले. मागे फायबर घासायच्या मशीनचा आवाज होता आणि हवेत पांढरी धूळ. मग खोकला ऐकू आला. थांबला, पुन्हा आला, लांबला. मशीन बंद झालं आणि दत्तारामचा स्वतःचा आवाज आला.

"गो, फोन नीट धर ना! हलतोय बघ. एवढं एक काम जमत नाही तुला?"

"धरलाय हो. धूळ जाते नाकात."

"मग तोंड फिरव तिकडे. फोन नको फिरवूस."

"बरं," मंगला म्हणाली आणि हसली. हसताना पुन्हा खोकली. मशीन परत सुरू झालं.

दत्ताराम टेबलाची कड धरून बसला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं होतं, बाई धुळीत काम करतात का? मंगला म्हणाली, नाही, मी घरीच असते. दत्ताराम शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. तेव्हा त्याला सुचलंच नव्हतं, की सुचलं होतं आणि तो गप्प राहिला, हे त्याला आता सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाला होता, फुप्फुसं अशी का सुकतात ते कधी कधी कळतच नाही. ते वाक्य त्याने आठ महिने जपून ठेवलं होतं.

तूबाने व्हिडिओ थांबवला.

"अंकल, मी आवाज काढून टाकते आणि पाठवते. इंजिनियरला वेल्ड दिसले की बास."

"फाइलमध्ये राहतो का हा?"

"हो. पॉलिसी असेपर्यंत. पण आवाज कशाला..."

तिने फॉर्म पुढे सरकवला. खाली सहीची जागा होती. वर लिहिलं होतं, या गाडीच्या बांधणीबद्दल मी काहीही लपवलेलं नाही.

दत्तारामने ते दोनदा वाचलं.

"आवाजासकट पाठव," तो म्हणाला.

"नक्की?"

"मी काय बोललो ते असू दे कुठेतरी."

त्याने सही केली.

सहा दिवसांनी तूबाचा फोन आला. "झालं, अंकल! इंजिनियर म्हणाला, इतका क्लिअर व्हिडिओ कोणी देत नाही. एकेक वेल्ड दिसतो. चार मिनिटांत कॅमेरा एकदाही हलला नाही, म्हणाला."

"एकदाही नाही?"

"नाही. मी पण परत बघितला. त्या खोकतात तेव्हासुद्धा नाही."

नंबर लागला आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी दत्तारामने गाडी शेडबाहेर काढली. उबेद फाटक धरून उभा होता. "यल्ला, चलो, दत्ता! समंदर जाओ!" तो ओरडला.

दत्ताराम समुद्राकडे वळला नाही. गुदैबियाला आला, इमारतीच्या मागे गाडी लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. मग वर जाऊन मंगलाच्या फोनवर तो व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला. हलतोय बघ, असं तो ओरडत होता तेव्हा त्याने स्क्रीनच्या कडेपाशी आलेल्या वेल्डवर नजर रोखून धरली.

हलत नव्हता.

त्याने तो पहिल्यापासून पुन्हा लावला.