नऊ वर्षं चुकीचं नाव

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो, नऊ वर्षं प्लास्टिकमध्ये गुदमरलेला! ज्या जमिनीवर शाळा उभी, तिथल्या मूळ लोकांना आधी वंदन करायची इकडे रीत. म्हणून दर सोमवारी शाळेच्या असेंब्लीत मला वाचतात, "ही भूमी ज्यांची, त्या उपसागराच्या राखणदारांना आमचं वंदन."

उपसागर? अहो, समुद्र इथून सहाशे किलोमीटर! इथे आहे एक नदी, तीही निम्मं वर्ष कोरडी.

माझा जन्म किनाऱ्यावरच्या शाळेतला. तिथल्या मुलांनी मूळ रहिवाशांमधल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून मला लिहिलं. काय टाळ्या पडल्या होत्या! मग तिथल्या हॅलोरनबाई इथे मुख्याध्यापिका झाल्या, सामानात मीही आलो. मला प्लास्टिक चढवलं आणि माईकशेजारी दोरीने बांधलं. तेव्हापासून भलत्याच लोकांचं नाव घेतात, आणि कोणाच्या कपाळाला आठी नाही!

फक्त कँटीनच्या मर्लमावशींना ते खुपायचं. त्या याच नदीकाठच्या मूळ लोकांतल्या. पहिल्या वर्षी बाईंना तीनदा सांगून आल्या. तिन्ही वेळा उत्तर एकच, "पुढच्या सत्रात बघू."

यंदा वाचायची पाळी आली त्यांच्याच नातीवर, टॅरिनवर. तिने दोरी सोडली आणि मला कँटीनच्या ओट्यावर आपटलं.

"नॅन, तुझ्यासमोर मी हे खोटं वाचणार नाही. आपल्या लोकांचं काय ते सांग."

"आत्ता आठवली होय आजी? दहावीत गेलीस की गं! हात धू, पावाला लोणी लाव आणि ऐक."

मीही ऐकलं. आज शाळेच्या सायकली लावतात तिथे त्यांची वस्ती होती, तिथेच मावशींच्या आईचा जन्म झाला. मग शाळा बांधायची ठरली. एका सकाळी ट्रक आले, वस्तीतल्या सगळ्यांना उचलून घेऊन गेले. राखेत भाजत ठेवलेली रोटी तशीच राहिली.

सोमवारी टॅरिन माझ्याशिवाय उभी राहिली. आपल्या लोकांचं नाव घेतलं, पणजीचं घेतलं. सायकली, ट्रक, रोटी, सगळं सांगितलं.

हॅलोरनबाई शरमेने लालबुंद. "टॅरिन, मला... मला हे लिहून दे. आजच प्लास्टिक चढवते."

मागून मर्लमावशी कडाडल्या, "खबरदार! पुढच्या वर्षीचं पोर माझ्याकडे येईल, लोणी लावेल आणि ऐकेल."

आता टॅरिनने मला पाकिटात घातलंय, किनाऱ्याकडे परत धाडायला. मित्रांनो, कोणाची जमीन, ते तिथल्या माणसांना जाऊन विचारा. कागदाच्या भरवशावर राहू नका. मी नऊ वर्षं ओरडत होतो, आलं का कोणाला ऐकू? आणि किनाऱ्यावर पोचलो की आधी माझं हे प्लास्टिक फाडा रे कोणीतरी!