सुरूची होळी

“तीनातले दोन हिस्से झाडांना?” लंगड्या रावजीनं मागच्या खांबाला टेकून विचारलं. “मंग ऱ्हायला एक. त्यात आमची भातां, आमची घरां नि आमची मसणवट. दाटीवाटीच व्हयल, सायेब!”

देवळाच्या सभामंडपात हशा पिकला. सामाजिक वनीकरणाचे लागवड अधिकारी लांज्याहून जीपनं आले होते, तेही हसले. पण विषय त्यांनी सोडला नाही. दिल्लीत नवं वनधोरण ठरलं होतं आणि ते गावोगाव समजावून सांगा, असा वरून हुकूम होता. जंगल आता लाकडाच्या उत्पन्नासाठी नाही. ते पाण्यासाठी, हवेसाठी, पुढच्या पिढ्यांसाठी. देशाची एक तृतीयांश जमीन झाडांखाली आणायची, डोंगराळ मुलखात दोन तृतीयांश. पन्नास-शंभर वर्षांचा विचार आहे, असं साहेब म्हणाले. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना पुढचा गणपती दिसेल की नाही याची खात्री नव्हती, तरी सगळ्यांनी माना हलवल्या. साहेबासमोर मान हलवायला पैसे पडत नाहीत.

काशीराम सगळ्यांच्या पुढे बसला होता, कारण तो सरकारचा माणूस. गावाच्या डोक्यावर कातळाचा सडा आहे, तिथल्या लागवडीचा तो राखणदार, तोही रोजंदारीवर. साहेबांचं बोलणं कानावर पडत होतं, आत काही शिरत नव्हतं. आषाढात बायको गेली तेव्हापासून त्याचं असंच झालं होतं. सकाळी उठायचं, भाकरी थापायची, सड्यावर जाऊन गुरं हाकायची, संध्याकाळी उतरायचं. रडला म्हणून नाही. लोक म्हणायचे, काशीराम धीराचा गडी. धीर कसला! त्याला काही वाटतच नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

“ता ऱ्हावू दे. आता शिमग्याचा बोला,” गुरव आत्मारामनं गाडी मुद्द्यावर आणली. “होळी खयची तोडायची?”

“देवराहाटीतलं, देवाच्या राखीव रानातलं, एकही झाड पडणार नाही,” साहेब म्हणाले. “आंबा नाही, ऐन नाही. आज धोरण सांगायचं आणि उद्या झाड तोडायचं, असं चालणार नाही.”

गाव खवळलं. होळी म्हणजे काय गोवऱ्यांचा ढीग? उभं सरळ झाड तोडायचं, ते नाचवत खाली आणायचं, देवळापुढच्या मांडावर रोवायचं, मग त्याच्या बाजूला होम. वाटेत ते भुईला टेकता कामा नये. टेकलं तर वर्षभर गावाला सुख नाही, असं मानतात. आणि त्या झाडावर पहिला घाव काशीरामच्या घराचा. आजापणजापासूनचा मान. त्या घरात नाव घेण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. वर्षातून एकदा सगळं गाव त्याच्या कुऱ्हाडीकडे बघत श्वास धरून थांबायचं, एवढंच. मान सोडला की तो भावकीत दत्तारामच्या घरी जाणार होता, आणि एकदा गेलेला मान कोणाच्या दारी परत आलेला नाही.

बरीच ओढाताण झाली. शेवटी साहेब म्हणाले, “लागवडीतलं एक सुरू देतो. विरळणीत दाखवीन मी. जास्तीचं झाड काढलं म्हणून.”

माना काशीरामकडे वळल्या. कारण सगळ्या सड्यावर होळीला शोभेल असं सुरूचं झाड एकच होतं, आणि ते कोणी वाढवलं हे साहेबांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

ती लागवड झाली तेव्हा काशीरामची बायको चिमा खड्डे खणायला होती. कातळात पहारीनं खड्डे, त्यात खालून टोपलीनं आणलेली माती. पहिल्याच उन्हाळ्यात अर्धी रोपं करपली. मजुरी बंद झाली, बायका घरी बसल्या. चिमा मात्र झऱ्यावर गेली की परतताना कळशीतलं थोडं पाणी एका रोपाला घालायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा लोकांनी काय तो अर्थ लावला. लोकांना अर्थ लावायला वेळ असतो.

“सरकारचा झाड हाय ना? मंग घालू दे सरकारला पाणी,” काशीराम चिडवायचा.

“सरकार दिल्लीत. झाड हितं हाय,” ती म्हणायची.

ते वाढलं. घराच्या कौलांच्याही वर गेलं. दुपारी ती त्याखाली टेकायची. वाऱ्यावर त्याचा समुद्रासारखा आवाज व्हायचा आणि तिला डुलकी लागायची.

ती गेली तो दिवसच वाईट होता. पाऊस कोसळत होता, गावातले हातीपायी धड पुरुष सगळे मुंबईला. तिरडीला चार खांदे मिळता मिळेनात. काशीराम, शाळेचे मास्तर, टपाल घेऊन आलेला गंगाराम, आणि चौथा लंगडा रावजी. मडकं आत्मारामनं धरलं. चिखलात रावजीचा पाय सरकायचा. तिरडी दोनदा खाली टेकवावी लागली. दुसऱ्यांदा टेकवली ती सड्याच्या वाटेवरच्या घसरणीला, वाहत्या पाण्यातच.

शिमग्याला मुंबईची माणसं आली. गाव भरलं. दत्ताराम आल्या आल्या काशीरामच्या ओटीवर येऊन बसला. माणूस वाईट नव्हता, पण त्याची नजर कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीवर जात होती.

“दादा, वयनीनं वाढवलान ता झाड,” तो म्हणाला. “तुझ्याच्यान नाय व्हणार. कोन तुला नावां ठेवनार नाय. घाव मी घालतंय.”

काशीराम चुलीत फुंकत होता. “चा घेणार?” त्यानं विचारलं.

“मी काय इचारतंय?”

“साखर कमी हाय. गूळ चालंल ना?”

दत्ताराम गुळाचा चहा पिऊन गेला. तोडावं की तोडू नये, दोन्हींकडे बघून काशीरामला सारखंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव ढोल-ताशे घेऊन सडा चढलं. झाडाला हळदकुंकू लागलं, नारळ ठेवला. आत्मारामनं गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज तुज्या मांडार नव्या झाडाची होळी न्हेताव, ती गोड मानून घी रं म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव ओरडलं.

“दिल्लीच्या सरकारानं शंभर वर्सांचा इचार केलान हाय, त्येला यस दी! नि आमाला शंभर वर्सा बगायला ठेव रं म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यावेळी हसत हसत.

मग ढोल थांबले. सगळे काशीरामकडे बघू लागले. दत्ताराम अर्धं पाऊल पुढे सरकून उभा होता.

काशीरामनं वर बघितलं. शेंडा हलत होता, आवाज येत होता. मग त्यानं गावाकडे बघितलं. केवढी माणसं! गिरणीतली, गोदीतली, हॉटेलातली, धडधाकट, कपाळाला गुलाल लावलेली. इतके खांदे. आषाढात यातले चार असते तर. फक्त चार.

“वाटेत टेकवायचा नाय,” तो म्हणाला.

“कदी टेकवलाव काय, दादा?” दत्ताराम म्हणाला.

“माज्या गळ्याची आन हाय. पाय सरकला तरी टेकवायचा नाय.”

त्यानं कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव घातला. खोल बसला. पुढचे घाव बाकीच्यांनी घातले, आणि झाड पडता पडता पंचवीस-तीस हातांनी वरच्या वर झेललं.

मग ते निघालं. ढोलाच्या ठेक्यावर, पुढे चार पावलं, मागे दोन. बायका दारादारांतून पाणी शिंपडत, फुलं उधळत होत्या. उतारावर, त्याच घसरणीला, पुढच्या दोघांचे पाय सरकले आणि झाड कलंडलं. तसे चहूकडून लोक खाली घुसले आणि त्यांनी ते डोक्यावर घेतलं. काशीराम बुंध्याशी होता. वजन खांद्यात रुतत होतं, सालीनं कातडं सोललं होतं, चीक सदऱ्याला लागला होता. आणि किती महिन्यांनी त्याला दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. तो रडतोय हे कोणाला कळलं नाही, तोंडं सगळ्यांचीच गुलालानं भरली होती. मांड येईतो त्यानं खांदा बदलला नाही.

झाड रोवलं, होम झाला, पालखी नाचली. रंगपंचमी झाल्यावर मुंबईची माणसं एसट्या भरून परत गेली, आणि मांडावर शेंड्याशी एक तुरा राखलेलं ते सुरू तेवढं मागे उभं राहिलं. तसंच ते पुढच्या शिमग्यापर्यंत राहणार होतं.

वैशाखात त्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब तरुण होते. ते नकाशा घेऊन सड्यावर फिरले आणि एका तोडलेल्या बुंध्यापाशी थांबले. भोवतालची माती ओली होती.

“इथलं झाड कुठं गेलं? कागदावर विरळणी दिसते, पण विरळणी एकाच झाडाची करतात का?” त्यांनी विचारलं. “चोरीला गेलं की काय?”

काशीराम हातात रिकामी कळशी घेऊन उभा होता.

“नाय सायेब. खाली गावात न्हेलाव.”

“कोणी नेलं?”

“समदी आली व्हती,” काशीराम म्हणाला. “वाटेत कुटंच टेकवला नाय.”

साहेबांनी नकाशा गुंडाळला, तसा तो झऱ्याकडे वळला. शेजारच्या दोन रोपांना अजून पाणी घालायचं होतं.