ग्राइंडरच्या चावीची भीती

मित्रांनो, मला एकही कुलूप उघडता येत नाही, तरी मला चावी म्हणतात. मी ग्राइंडरची जुनी चावी आहे. लोखंडाची चपटी पट्टी आणि टोकाला दोन दात, एवढंच माझं शरीर. लोखंड कापायची पातळ डिस्क काढून घासायची जाड डिस्क लावायची असली, की माझी गरज पडते. डिस्क एका गोल नटने आवळलेली असते. त्या नटला दोन भोकं असतात, त्यांत माझे दात बसतात. कारागीर मशीनवरची एक कळ अंगठ्याने दाबून धरतो, म्हणजे डिस्क फिरत नाही. मग मला फिरवून नट सैल करतो. त्या वेळी त्याची बोटं अगदी डिस्कला लागून असतात. मी नटावर बसते तेव्हा मला नेहमी त्या बोटांचीच काळजी असते.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. एक मोठा दाब आठवतो आणि मी पत्र्यातून सुटून खाली पडले. मग खोक्यातला अंधार. डहाणू रोडच्या एका दुकानातून मोतीराम मिस्त्रींनी ते खोकं घेतलं आणि मी त्यांच्या गावी, चिखल्याला आले.

मिस्त्रींची पत्र्याची शेड समुद्राच्या बाजूला आहे. खाऱ्या हवेत सगळंच गंजतं, त्यामुळे काम कधी थांबत नाही. होड्यांचे नांगर, सुकाणूच्या पट्ट्या, घरांची फाटकं. माझाही मान होता. कुणी मला उसनी मागायला आलं तर मिस्त्री म्हणायचे, "मशीन ने, चावी मिळणार नाही. तुम्ही लोक हरवता आणि मग नट छिन्नीने फोडता."

त्या दिवसांत मिस्त्रींची बायको सोनूबाई शेडमध्येच जाळं विणत बसायची, विजेच्या बोर्डाजवळ. मिस्त्रींनी मला हातात घेतलं, की तिचे हात थांबायचे.

"अहो, आधी पिन काढा."

"बटण बंद केलंय ना मी!"

"तुमचा असेल बटणावर भरवसा. माझा नाही."

ती स्वतः वायरीची पिन बोर्डातून ओढायची आणि मांडीवर धरून बसायची. "हं, आता करा काय करायचं ते." मिस्त्री पुटपुटायचे, पण थांबायचे. मी निर्धास्त असायची.

आमच्याकडे लाईट वरचेवर जाते. सोनूबाईने खिळ्याला एक रेडिओ टांगला होता, तो दिवसभर चालू असायचा. रेडिओ गप्प झाला, की लाईट गेली. बोलू लागला, की आली. मशीनचं बटण तोवर बंद असायचं.

मग सोनूबाई आजारी पडली आणि गेली. तेरावा झाल्यावर मिस्त्री शेडमध्ये आले. त्यांनी आधी रेडिओची वायर काढली, गुंडाळली आणि रेडिओ फळीवर मागे सरकवून ठेवला. आता लाईट आली हे कळायचं कसं? मिस्त्रींनी सोपा उपाय काढला. लाईट गेली, की ग्राइंडरचं बटण चालूच ठेवायचं आणि मशीन टेबलावर आडवं टाकायचं. ते घरघरलं, की लाईट आली.

मित्रांनो, मी त्याच टेबलावर असते. लाईट आली, की ते मशीन झोपेतून उठल्यासारखं उडायचं, टेबलभर सरपटायचं. एकदा ते खाली पडलं आणि फिरत्या डिस्कने गोणपाट फाडलं. मिस्त्रींनी ते शांतपणे उचललं आणि काम सुरू केलं. ठिणग्यांपासून डोळे वाचवायचा चष्मा लावणंही त्यांनी सोडून दिलं होतं. त्यांना कशाचीच भीती उरली नव्हती, म्हणून ती सगळी माझ्या वाट्याला आली.

एका दुपारी नांगराची दांडी कापताना लाईट गेली. डिस्क फिरत फिरत थांबली. बटण पुढेच, म्हणजे चालूच राहिलं. रिकामा वेळ मिळालाच आहे तर डिस्क बदलून घ्यावी, असं मिस्त्रींच्या मनात आलं. त्यांनी मशीन पोटाशी घट्ट धरलं आणि मला नटावर बसवलं.

त्यांची लेक कल्पिता सासरहून डबा घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

"बाबा, आधी जेवून घ्या."

"बस, बाय. डिस्क बदलतो, तोवर लाईट येईल."

"येईल ना? मग पिन काढा."

"लाईटच नाही तर पिन कशाला काढायची?"

शेजारी उमेशचं बर्फाचं दुकान आहे. तो तिथूनच ओरडला, "काका, लाईट गेली की माझा बर्फ वितळतो आणि तुमचं डोकं तापतं! अदलाबदल करू या का?"

"तू तुझा बर्फ सांभाळ रे!"

नट गंजला होता. मिस्त्रींनी जोर लावला. माझे दात भोकांत रुतून बसले. या क्षणी लाईट आली तर मी कुठे उडणार? त्यांच्या पोटात? कल्पिताच्या तोंडावर? मी नटाला मनात म्हणत होते, सूट रे, लवकर सूट.

"बाबा, आई असती तर..."

"आई नाही," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पुन्हा जोर लावला.

कल्पिताने डबा खाली ठेवला. "आई नाही, ते मला माहीत आहे. माझं माहेर म्हणजे आता तुम्हीच. तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या दारात येऊ?"

"रडू नको."

"रडत नाही. विचारते."

ती सरळ बोर्डाकडे गेली. "हात लावू नको!" मिस्त्री ओरडले. तिने पिन ओढली.

पिन तिच्या हातात आली आणि बाजूला उमेशची बर्फ फोडायची मशीन घरघरली.

कुणी हललं नाही. मिस्त्रींनी हळूच खाली पाहिलं. बटण पुढे होतं. मशीन पोटाशी होतं. मी नटावर होते आणि त्यांची बोटं माझ्यावर होती. उमेशने त्याची मशीन बंद केली आणि दारात येऊन उभा राहिला. कल्पिताने पिन दोन्ही हातांत धरली होती आणि ती सोडायला तयार नव्हती.

त्या दिवशी डिस्क बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पिन काढून डोळ्यांसमोर ठेवली. बटण मागे ओढलं, पुन्हा एकदा तपासलं. चष्मा लावला. मग मला उचललं. तरीही त्यांचा अंगठा थरथरत होता. इतका, की मी नटावरून घसरले. त्यांनी मला पुन्हा बसवलं, मी पुन्हा घसरले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण मित्रांनो, त्या थरथरीने मला बरं वाटलं. या माणसाला आपली बोटं पुन्हा हवीशी झाली होती.

तुमच्या घरी कुणी असं मशीन चालवत असेल, तर त्यांना सांगा. लाईट असो वा नसो, आधी बटण बंद करा, पिन काढा, मग चावी हातात घ्या. ते चिडतील. म्हणतील, आम्हाला शिकवतोस काय? चिडू द्या. तुम्ही बोर्डापर्यंत जा आणि पिन ओढा. चिडलेला माणूस संध्याकाळी जेवायला तरी येतो.