हिरवी पट्टी कुणाची?

आता आठवलं की हसू येतं, पण त्या सकाळी माझं धाबं दणाणलं होतं.

आमच्या लुंड शहरातल्या ऑफिसात तसाही कुणी कुणावर आवाज चढवत नाही. त्यात माझी सहकारी टीरा आजारपणाच्या रजेवरून परतली, तेव्हापासून सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं जपत होते. अतिकामाने तिचं डोकं पार थकलं होतं. मध्यंतरी तिला साधं वर्तमानपत्रही वाचवत नव्हतं. एरवी माझी जीभ तिखट, पण तिच्याशी बोलताना मीही साखर पेरायचो.

आम्ही व्हिडिओ दाखवणाऱ्या चिपा आखतो. चित्राचे छोटे चौकोन एका टप्प्याकडून पुढच्या टप्प्याकडे सरकतात. एक चौकोन पुढे गेला की मागचा टप्पा लगेच दुसरा हातात घेतो. आमचा एक टप्पा फार रेंगाळायचा आणि त्याच्यापायी सगळी रांग खोळंबायची. टीराने त्याचे दोन टप्पे केले. परतल्यावरचं तिचं हे पहिलंच मोठं काम.

आराखडा दुसऱ्या दिवशी कारखान्याला जायचा होता. एकदा चिप बनली की तिच्यातली चूक खोडता येत नाही. आणि नेमकी त्याच सकाळी, संगणकावरच्या चाचणीतल्या चित्राच्या उजव्या कडेला हिरवी पट्टी उमटली.

"माझ्याच भागात काहीतरी असेल," मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. खरं तर माझा भाग तिथून कोसभर लांब होता.

दुपारी सगळे कॉफी आणि दालचिनीच्या बनपावांसाठी उठले. टीरा माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

"फोल्के, माझ्या टप्प्यात काय शोधतोयस?"

"सहज बघतोय गं."

"सहज? सकाळपासून? मागचीही माझी चूक तूच गुपचूप दुरुस्त केलीस ना?"

पडद्यावरचा तिचा टप्पा मी घाईने बंद केला.

"अरे, माझं डोकं ठिकाणावर आलंय की नाही, हे तुम्ही मला कळूच देत नाही! चूक माझी असेल तर ती मला शोधू दे. नाही सापडली तर मी काय ते समजेन आणि नोकरी सोडेन."

मी मुकाट्याने खुर्ची सोडली.

तिने फळ्यावर सगळे टप्पे काढले आणि पुटपुटत बोटाने चौकोन सरकवू लागली. लोक कॉफी पिऊन परतले तरी ती तिथेच. मला तिच्याकडे बघवेना. मग एकदम तिने हातातलं पेन आपटलं.

"पुढचा टप्पा भरलेला असला की मी चौकोनाला थांबवते, बरोबर? पण त्याच्यासोबत 'ओळ संपली' अशी खूण जाते, तिला थांबवायचं मी विसरले! ती पुढे पळते, ओळ बंद होते, शेवटचा चौकोन बाहेरच. जागा रिकामी, आणि रिकामी जागा आपल्याकडे..."

"हिरवी दिसते," मी म्हणालो.

दुरुस्ती कोडच्या एका ओळीची निघाली. चाचणी पुन्हा लावली, कड स्वच्छ. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि खरं सांगतो, तो चिपचा नव्हताच.

आमचा प्रमुख रॉल्फ धावत आला. "सापडली? कुणाची चूक होती?"

सवयीने मी तोंड उघडलं.

"माझी!" टीरा इतक्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "आणि शोधलीही मीच."

तिचे डोळे भरले होते, माझेही. चूक कबूल करून एवढं खूश झालेलं माणूस रॉल्फने कधी पाहिलं नसावं.

"एवढंसं शोधायला इतका वेळ?" मी म्हणालो.

"आणि तू सकाळपासून काय दिवे लावत होतास?"

आजारपणानंतर तिने मला पहिल्यांदाच टोमणा मारला होता.