पुणे किचन

आमच्या घरी गाणी कमी पडतात अशी तक्रार मी जन्मात कधी केली नव्हती. पण वीज मंडळातून रिटायर झाल्यापासून ह्यांना, म्हणजे आमच्या शालिकरामांना, एकच ध्यास लागला होता. घरातल्या कॉम्प्युटरवर जगातली सगळी गाणी आली पाहिजेत! आमची लेक पल्लवी लग्न होऊन पुण्याला गेली, तिचा कॉम्प्युटर इथे सौंसरलाच राहिला. त्यात ह्यांनी गाणी वाजवायचं एक सॉफ्टवेअर टाकलं, दोन थोराड स्पीकर जोडले आणि मग सुटलेच. आधी जुन्या कॅसेटींमधली गाणी भरली. मग इंटरनेटवरची रेडिओ स्टेशनं. मग गाण्यांचं एक ॲप, मग दुसरं. काही नवीन जोडलं की स्वयंपाकघरात येऊन मला वर्दी द्यायची.

"शोभा, आणखी एक सोर्स जोडला बरं का."

"जोडा. मले आधी फोडणी घालू द्या."

खरं सांगू? ती गाणी मला परकी वाटायची. वाजायची छान, पण कोणासाठी वाजतात ते कोणी सांगायचंच नाही.

आमच्या काळी रेडिओवर फर्माइशीचं गाणं लागायचं ते नावं घेऊन. हे आणि ह्यांचे मित्र पोस्टकार्डं पाठवायचे, गठ्ठ्यानं. मी नवी नवरी म्हणून ह्या घरात आले तेव्हा एका दुपारी रेडिओवरची बाई म्हणाली, "सौंसरहून रामाजी, इंदू, शालिकराम आणि शोभा." सासरे, सासू, हे आणि मी! माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. सासूबाईंनी ह्यांच्याकडे असं पाहिलं की हे चप्पल घालून सरळ बाहेर पडले. मला न विचारता, कोणाला न सांगता नाव टाकलं होतं लबाडानं.

माझं माहेर बोरगाव, सौंसरहून हाकेच्या अंतरावर. पण तेव्हा उठसूट माहेरी जायची पद्धत नव्हती, आणि फोन तर कोणाकडेच नव्हते. पुढे माझं नाव वरचेवर येऊ लागलं तशी माझी आई शेतातली कामं टाकून रेडिओपाशी बसायला लागली. माझं नाव ऐकू आलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. पोरीचं नाव घेतात म्हणजे पोर बरी आहे, असा तिचा हिशेब. ती गाणी कोणती होती हे मला आज आठवत नाही. आई मात्र फार आठवते.

तर ह्यांनी शेवटी पल्लवीचं खातंही जोडलं. ती पुण्यात ज्या ॲपवर गाणी ऐकते ते खातं. पासवर्ड तिनंच फोनवर सांगितला. तेव्हापासून आमच्या पडद्यावर तिच्या नावाचा एक रकाना आला आणि त्यात तिनं काय काय ऐकलं ते दिसायला लागलं. ह्यांना त्याचं काही विशेष नव्हतं. मला मात्र नादच लागला. जेवणं आटोपली की मी चष्मा लावून रकान्यापुढे हजर. धांगडधिंग्याची गाणी ओळीनं दिसली की समजायचं, बाईसाहेबांनी घर आवरायला काढलं. गझला दिसल्या की जावयाशी काहीतरी बिनसलं. पावसाची गाणी दिसली की मी ह्यांना सांगायची, पुण्यात पाणी पडून राहिलं!

दिवाळीनंतर पल्लवीच्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुबा मोडला, खाट धरली. पल्लवीनं नोकरी सोडली. आणि त्या रकान्यात प्रवचनं यायला लागली. प्रवचन, आरती, पुन्हा प्रवचन. त्या माउलीचा तरी काय दोष? पडल्या पडल्या दुसरं करणार काय? पण माझ्या पोरीचं एकही गाणं नाही. गाण्याशिवाय जिला पोळी लाटता येत नाही, तिचं एकही नाही. फोन केला की ठरलेलं उत्तर.

"मी मजेत आहे, आई. तू कशी आहेस?"

कोणी पाहुण्याला सांगतं तसं.

"ते म्हणते ना मजेत, मग तू काहून जिवाले लावून राहिली?" हे म्हणायचे.

जिवाला लागतंच. मी उठून गेलेही असते. पण त्या घरात आधीच एक दुखणं, त्यात न बोलावता आपण जाऊन बसायचं कसं? पोरीनं ये म्हणायला हवं ना. ती म्हणत नव्हती.

अशाच एका दुपारी पल्लवीची फार आठवण आली म्हणून मी ह्यांना तिचं एक गाणं लावायला सांगितलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नववीत असताना ती ज्यावर नाचली होती ते. ह्यांनी तिच्या रकान्यात ते शोधलं, दाबलं, तर कॉम्प्युटर विचारतो, कुठं वाजवू? खाली दोन नावं. एक आमच्या कॉम्प्युटरचं, दुसरं 'पुणे किचन'.

"पुणे किचन," ह्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे नवीन स्टेशन दिसून राहिलं."

"रेसिप्या सांगत असतील. लावून पाहा बरं."

लावलं. पडद्यावर गाणं पुढं सरकताना दिसत होतं, पण आवाज नाही. ह्यांनी आवाज वाढवला. तरी नाही. पार शेवटपर्यंत वाढवला.

"बंद आहे वाटते," हे म्हणाले.

"पुण्याचं ना? दुपारचं झोपलं असंल."

आम्ही दोघं हसतोय तोच फोन वाजला. पल्लवी. आणि फोनमधून तेच गाणं, कान फाटतील एवढं.

"आई, माझ्या स्वयंपाकघरातला स्पीकर तुम्ही तिकडून लावला का? सासूबाई झोपल्यात, जाग्या होतील. आवाज कमी करा."

"अहो, बंद करा, बंद करा ते!" मी ओरडले.

"नको," पल्लवी म्हणाली. "बंद नको करू. कमी कर फक्त."

ह्यांनी कमी केलं. तिकडे पुण्यात गाणं हळू झालं आणि मग मला तिचं रडणं ऐकू आलं. लहानपणी रडायची तसं, श्वास अडकत. गाणं संपत आलं तेव्हा ती म्हणाली, "मले नाही जमून राहिलं, आई. तू ये ना."

मी फोन ठेवला आणि कपाटातून बॅग काढली. हे दारात येऊन उभे राहिले. डोळे पुसलेले दिसत होते, पण मी दिसल्याचं दाखवलं नाही.

"किती दिवसांसाठी जातं तू?"

"पोरगी जा म्हणंल तोवर," मी म्हटलं.