मुकी बत्तिशी

बत्तिशीकाकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवले. त्यांनी केलेल्या कवळीच्या जोरावर एका गृहस्थांनी अक्रोड फोडायची पैज जिंकली होती. कवळी त्या वेळी तोंडात नव्हतीच, टेबलावर नुसती ठेवली होती. अक्रोड धाकानंच फुटले.

अशा माणसाची एकच कवळी फसली, आणि ती नेमकी घरातली. काकूंचे दात गेल्यावर त्यांनी जीव ओतून त्यांना कवळी करून दिली. दिसायला मोत्यांची माळ, पण 'स' आला की बारीकशी शीळ वाजायची. काकांनी ती घासली, भरली, पुन्हा घासली. शीळ काही हटेना. बोलताना ती खपून जायची. गाताना मात्र उघडी पडायची. आणि काकू तर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, झाडांना पाणी घालताना सतत गाणारी बाई. ते गाणंच बंद पडलं. घर इतकं गप्प झालं, की नळ ठिबकला तरी काका दार उघडायला उठायचे.

"शीळबिळ काही नाही हो," काकू म्हणायच्या. "साथ नाही कसली. कोरडं कोरडं काय गायचं?"

ही समजूत घालतेय, हे काकांना कळत होतं. पण कवळी हात टेकायला लावत होती, तेव्हा साथ तरी देऊन बघू, असं त्यांनी मनावर घेतलं. सिंथेसायझरमध्ये जगातली सगळी वाद्यं असतात, ही माहिती त्यांना एका पेशंटनं आ वासलेल्या अवस्थेतच दिली होती. काका वाद्यांच्या दुकानात गेले.

डोक्यावर केसांचा बुचडा बांधलेला विक्रेता लगेच पुढे आला. त्यानं एक बटण दाबलं आणि दुकानात अख्खा वाद्यवृंद अवतरला. "काका, यात पाचशे आवाज आहेत. व्हायोलिन ऐका. बासरी ऐका. हा पाऊस ऐका."

"बंद करा आधी," काका म्हणाले.

"हा आवडला नाही? दुसरा लावतो."

"तसं नाही. वीज बंद करा. सगळ्यांची."

"अहो, वीज बंद केल्यावर काय कळणार?"

"आमच्या धंद्यात आधी तोंड मिटून बघतात. मिटल्यावर नीट बसली, की मग बोलायचं. बडबडणारी कवळी काय, कोणालाही भुलवते."

बुचडेवाल्यानं मुकाट्यानं सगळी बटणं बंद केली. काकांनी खिशातून चाव्याचा निळा कागद काढला. दोन दात एकमेकांवर कुठे टेकतात, ते या कागदाच्या डागावरून कळतं. त्याचा बारीक तुकडा त्यांनी कीबोर्डच्या एकेका पट्टीखाली सरकवला आणि वरून बोट दाबलं. पहिल्या कीबोर्डच्या पट्ट्या डुगडुगत होत्या. "पायोरिया," काका म्हणाले. दुसऱ्याच्या पट्ट्या अगदी आखूड. "हे दुधाचे दात. पडतील." तिसऱ्याची चकाकी बघून त्यांनी मान फिरवली, इतके पांढरे दात नेहमी खोटेच असतात.

कोपऱ्यात एक काळा, चपटा, गंभीर चेहऱ्याचा सिंथेसायझर होता. त्याच्या पट्ट्या जरा जड होत्या, दाबल्यावर एकसारख्या खाली जायच्या आणि बोटाला चिकटून वर यायच्या. काकांनी त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासल्या. एकही कमी-जास्त नाही.

"याला म्हणतात जबडा! बांधा."

"काका, पण याला ना..."

"पण नाही नि बिण नाही. बांधा म्हटलं ना."

घरी जेवणाच्या टेबलावर सिंथेसायझर मांडला. काकू हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. काकांनी वायर लावली, लाल दिवा लागला. घसा खाकरून त्यांनी ऐटीत पट्टी दाबली.

टक.

दुसरी दाबली. टक. मग दहाही बोटं एकदम दाबली. टेबल हललं, पण सूर काही निघाला नाही. काकांनी दुकानात फोन लावला.

"तेच तर सांगत होतो!" पलीकडून बुचडेवाला म्हणाला. "त्याला स्वतःचा स्पीकर नसतो. वेगळा लावावा लागतो. सध्या आमच्याकडे नाहीये, मागवतो. तोवर हेडफोन लावून वाजवा."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "जन्मभर लोकांना दात दिलेत, आणि स्वतः मुकी बत्तिशी घेऊन आलात!"

काकांनी जाडजूड हेडफोन आणले आणि शिकायला बसले. त्यांच्या कानात व्हायोलिनं रडत होती, हंस ओरडत होते, आगगाड्या पुलावरून जात होत्या; बाहेर नुसतीच टकटक. ती ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाई सुतार कधी जाणार म्हणून विचारून गेल्या.

एका दुपारी काकांनी कसलंसं बटण फिरवलं आणि कानातला आवाज पार मेला. ते बटण उलटं फिरवणार, तेवढ्यात हेडफोनच्या गादीतून काहीतरी आत झिरपलं. स्वयंपाकघरात काकू गात होत्या. मोकळ्या गळ्यानं, भांड्यांच्या तालावर. दर 'स'ला शीळ होती, आणि तिची फिकीर नव्हती. ऐकणाऱ्याचे कान गादीखाली बंद आहेत, अशी त्यांची खात्री होती.

काकांची बोटं क्षणभर थबकली. तिकडे गाणंही थबकलं. काकांनी घाईघाईनं टकटक सुरू केली, तशी पुढची ओळ आली. मग मात्र ते बटण त्यांनी जागचं हलवलं नाही. पाठ वळवून, मान डोलवत, अगदी रंगात आल्यासारखे ते पट्ट्या बडवत राहिले. रोज.

साथ एकदम फक्कड जमली.

पुढे एका सकाळी फोन वाजला. "काका, तुमचा स्पीकर आलाय. पाठवू घरी?"

काकांनी वळून पाहिलं. काकू भाजी निवडता निवडता इकडेच बघत होत्या.

"काय सांगता! कारखानाच बंद पडला?" काका फोनमध्ये ओरडले. "अरेरे! मालक बोट घेऊन समुद्रात निघून गेला? आता कसला मिळतोय!"

"कोण निघून गेलं? काका, स्पीकर माझ्या हातात आहे..."

काकांनी फोन ठेवला आणि चेहरा शक्य तितका पाडला. "अगं, तो स्पीकर काही यायचा नाही."

काकूंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग निवडलेली भाजी उचलून त्या स्वयंपाकघराकडे वळल्या.

"बरं मग," त्या म्हणाल्या, "लावा ते कानाला. मला कामं पडलीत."